राउटर सुरूच होत नाही? रॉममॉनमधून पासवर्ड आणि सिस्टीम परत कशी आणायची

शाळा, दवाखाना, पतसंस्था किंवा जमातीचं ऑफिस, कुठेही बघा, कोपऱ्यातल्या कपाटात एक जुना सिस्को राउटर असतो. कोणीतरी पाच-सात वर्षांपूर्वी बसवून दिलेला. बसवणारा मुलगा आता दुबईत नाहीतर दमामला नोकरीला. पासवर्ड त्याच्याच डोक्यात होता. मग एक दिवस राउटर चालू होतो पण आत जाता येत नाही, किंवा लाइट गेली-आली आणि राउटर नुसता दिवा लावून बसतो, पुढे काही होत नाही. ऐन रमजानमध्ये जकातीच्या ऑनलाइन पावत्या अडकल्या की ट्रस्टी घाबरतात आणि "नवीन घेऊन टाका" म्हणतात.

अशा बऱ्याच वेळा राउटर मेलेला नसतो. त्याची वरची सिस्टीम सापडत नसते किंवा तिच्या दाराची चावी हरवलेली असते. त्या सिस्टीमच्याही खाली एक छोटा प्रोग्राम कायम जागा असतो. त्याला रॉम मॉनिटर म्हणतात, बोलीत रॉममॉन. तो कोणताच पासवर्ड विचारत नाही. त्याच्या दहा-बारा कमांड माहीत असतील तर राउटर परत उभा करता येतो आणि आतली सगळी सेटिंगही वाचवता येते. पण क्रम चुकला तर तीच सेटिंग कायमची पुसली जाते, म्हणून क्रम नीट समजून घेणं गरजेचं आहे.

इथली माहिती सिस्कोच्या १८००, २८००, १९०० आणि २९०० मालिकेतल्या राउटरना धरून आहे. सेकंडहँड बाजारात आणि छोट्या संस्थांत हेच जास्त दिसतात, आणि सीसीएनए करणारी आपली मुलंही सराव बहुतेक यांच्यावरच करतात. कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या. जिथे स्पेलिंगचा घोळ होऊ शकतो तिथे अक्षरं सुटी करून दिली आहेत.

आत चार प्रकारची मेमरी असते

राउटरच्या पोटात चार जागा आहेत. पहिली रॉम. तिथे रॉममॉन राहतो. दुसरी फ्लॅश, बहुतेक वेळा कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड. त्यावर आयओएस, म्हणजे राउटरची मुख्य सिस्टीम, एका मोठ्या फाइलच्या रूपात असते. या फाइलला इमेज म्हणतात. तिसरी एनव्हीरॅम. ही अगदी लहान, पण सगळ्यात मौल्यवान. संस्थेची सगळी सेटिंग, आयपी पत्ते, व्हीपीएन, पासवर्ड हे स्टार्टअप-कॉन्फिग नावाने इथे साठवलेलं असतं. चौथी साधी रॅम, वीज गेली की रिकामी होणारी. चालू असलेली सेटिंग तिथे रनिंग-कॉन्फिग नावाने असते.

बटण दाबल्यावर आधी राउटर स्वतःची तपासणी करतो. मग रॉममॉन जागा होतो आणि कॉन्फिगरेशन रजिस्टर नावाचा एक सोळा बिटांचा आकडा वाचतो. सगळा खेळ या आकड्याचा आहे. नेहमीची किंमत ०एक्स२१०२. ती असेल तर रॉममॉन फ्लॅशमधली इमेज शोधतो आणि ती रॅममध्ये उलगडतो. या वेळी स्क्रीनवर हॅशच्या खुणांची लांबच लांब रांग दिसते. शेवटी एनव्हीरॅममधली सेटिंग उचलली जाते आणि राउटर कामाला लागतो.

या आकड्यातला शेवटचा अंक सांगतो की सिस्टीम कुठून उचलायची. शेवटी २ असेल तर सेटिंगमध्ये लिहिल्याप्रमाणे किंवा फ्लॅशमधून. शेवटी शून्य असेल, म्हणजे ०एक्स२१००, तर रॉममॉनमध्येच थांबायचं. उजवीकडून दुसऱ्या जागी ४ आला, म्हणजे ०एक्स२१४२ झालं, की राउटर सिस्टीम चढवतो पण एनव्हीरॅमकडे ढुंकूनही बघत नाही. एनव्हीरॅम पुसली जात नाही, फक्त वाचली जात नाही. पासवर्ड परत मिळवण्याची सगळी युक्ती एवढ्यावरच उभी आहे.

केबल आणि स्क्रीन

नेटवर्कच्या साध्या केबलने किंवा वायफायने रॉममॉनपर्यंत पोचता येत नाही. राउटरच्या मागे कन्सोल लिहिलेला पोर्ट असतो. त्याला ती फिकट निळी, चपटी केबल लागते. आजच्या लॅपटॉपला सिरियल पोर्ट नसतो, त्यामुळे यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर घ्यावा लागतो. लॅमिंग्टन रोडवर तो सहज मिळतो, पण अगदी स्वस्त घेऊ नका. नकली प्रोलिफिक चिप असलेले कन्व्हर्टर विंडोजच्या नव्या ड्रायव्हरवर चालतच नाहीत आणि माणूस तासभर राउटरला दोष देत बसतो. १९०० आणि २९०० मालिकेत मिनी यूएसबीचा वेगळा कन्सोल पोर्टही आहे.

लॅपटॉपवर पुट्टी किंवा तेरा टर्म उघडा. वेग ९६००, डेटा बिट ८, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १, फ्लो कंट्रोल बंद. स्क्रीनवर चिनी-जपानी दिसावं तसा कचरा आला तर वेग जुळत नाहीये असं समजा. कोणीतरी आधी वेग बदललेला असतो. १९२००, ३८४००, ५७६००, ११५२०० असे करून बघा. काहीच आलं नाही तर आधी केबल आणि पोर्ट नंबर तपासा, राउटर नंतर.

आत शिरायचं कसं

राउटर बंद करून परत चालू करा आणि पहिल्या ६० सेकंदांत ब्रेक पाठवा. ब्रेक हे अक्षर नाही, तो लाइनवरचा एक खास सिग्नल आहे. कीबोर्डला ब्रेकचं बटण असेल तर कंट्रोल आणि ब्रेक एकत्र. नसेल तर तेरा टर्ममध्ये ऑल्ट आणि बी. पुट्टीमध्ये खिडकीच्या वरच्या पट्टीवर उजवी क्लिक, मग स्पेशल कमांड, त्यात ब्रेक. लिनक्सवर मिनीकॉम असेल तर कंट्रोल-ए दाबून सोडा, मग एफ. ०एक्स२१०२ या आकड्यात ब्रेक बंद करणारा बिट चालू असतो हे वाचून काही मुलं गोंधळतात. तो बिट सिस्टीम चालू असतानाचा ब्रेक अडवतो. सुरुवातीच्या ६० सेकंदांत ब्रेक चालतो.

ब्रेक जातच नसेल तर दोन देशी उपाय आहेत, आणि दोन्ही खात्रीचे. एक, लॅपटॉपवर वेग १२०० करा, राउटर बंद-चालू करा आणि दहा-पंधरा सेकंद स्पेसबार दाबत राहा. इतक्या कमी वेगाने गेलेलं स्पेस राउटरला ब्रेकसारखंच दिसतं. या वेळी स्क्रीनवर काही वाचता येणार नाही. मग वेग परत ९६०० करून जोडणी नव्याने करा. दोन, राउटर बंद करून फ्लॅश कार्ड बाहेर काढा आणि चालू करा. सिस्टीम सापडणारच नाही, मग राउटर आपोआप रॉममॉनमध्ये येऊन थांबतो. तिथे हवा तो आकडा बदला, बंद करा, कार्ड बसवा, चालू करा.

यशस्वी झालात की "रॉममॉन १ >" असा प्रॉम्प्ट दिसेल. प्रत्येक कमांडनंतर तो आकडा एकाने वाढतो. प्रश्नचिन्ह टाइप करून एंटर केलं की त्या मॉडेलला येणाऱ्या सगळ्या कमांडची यादी मिळते. नव्या मॉडेलसमोर बसलात तर पहिली कमांड हीच द्या.

पासवर्ड हरवला असेल तर

कमांड आहे कॉन्फरेग, स्पेलिंग सी-ओ-एन-एफ-आर-ई-जी. तिच्यापुढे जागा सोडून ०एक्स२१४२ लिहा, एंटर करा. मग रिसेट लिहून एंटर. राउटर नव्याने चालू होईल आणि या वेळी कोऱ्या पाटीसारखा येईल. "सुरुवातीची सेटिंग आता करायची का" असं इंग्रजीत विचारेल. नाही म्हणा, म्हणजे नो. मग एनेबल लिहा. पासवर्ड विचारला जाणार नाही.

इथे थांबा. पुढची कमांड अशी द्यायची: कॉपी स्टार्टअप-कॉन्फिग रनिंग-कॉन्फिग. म्हणजे एनव्हीरॅममधली जुनी सेटिंग रॅममध्ये आणायची. घाईत बरेच जण हे उलटं करतात, कॉपी रनिंग स्टार्टअप देतात, किंवा सवयीने राइट म्हणतात. त्या क्षणी रॅममध्ये कोरी सेटिंग आहे. ती एनव्हीरॅमवर जाऊन बसते आणि संस्थेची वर्षांची सेटिंग एका एंटरमध्ये संपते. तिची प्रत कुठेच नसेल तर ती परत आणणारी कोणतीही कमांड नाही. एनेबलनंतर लगेच शो स्टार्टअप-कॉन्फिग देऊन सगळा मजकूर लॅपटॉपवरच्या एका फाइलमध्ये उतरवून घ्यायची सवय लावून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे. पुट्टीमध्ये लॉगिंग चालू ठेवलं की आपोआप होतं. पण त्या फाइलमध्ये पासवर्डही असतात, तेव्हा ती व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची नाही.

जुनी सेटिंग रॅममध्ये आली की कॉन्फिगर टर्मिनल, आणि नवा एनेबल सीक्रेट घाला. कन्सोल आणि व्हीटीवाय लाइनचे पासवर्डही बघून घ्या. मग त्याच मोडमध्ये कॉन्फिग-रजिस्टर ०एक्स२१०२. लक्षात घ्या, रॉममॉनमध्ये कॉन्फरेग, आयओएसमध्ये मधे रेघ असलेलं कॉन्फिग-रजिस्टर. काम एकच, नावं वेगळी.

अजून एक गोष्ट इथे नेहमी चकवते. पासवर्ड आला, सेटिंग आली, तरी इंटरनेट नाही. कारण कोऱ्या राउटरचे सगळे पोर्ट शटडाउन स्थितीत असतात, आणि जुन्या सेटिंगमध्ये "नो शटडाउन" ही ओळ साठवलेलीच नसते. त्यामुळे वरून सेटिंग ओतली तरी पोर्ट बंदच राहतात. जे जे पोर्ट वापरात आहेत त्यांच्या आत जाऊन नो शटडाउन द्यावं लागतं. शो आयपी इंटरफेस ब्रीफ दिलं की कोणता पोर्ट बंद आहे ते दिसतं.

सगळं तपासून झालं की मग, आणि मगच, कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग. शेवटी शो व्हर्जन द्या आणि तळाची ओळ वाचा. तिथे आत्ताचा आकडा ०एक्स२१४२ आणि पुढच्या रीलोडनंतर ०एक्स२१०२ असं लिहिलेलं हवं. हे बघितलं नाही आणि आकडा तसाच राहिला तर त्या दिवशी काहीच कळत नाही, सगळं छान चालतं. आठवड्याने रात्री लाइट जाते, सकाळी राउटर परत कोरा उठतो, आणि लोक म्हणतात राउटर खराब आहे. भिवंडी-मालेगावसारख्या ठिकाणी, जिथे लाइटचा भरवसा नाही, तिथे तर ही ओळ वाचल्याशिवाय जागेवरून उठू नये.

एक अपवाद आहे. ज्याने राउटर बसवला त्याने "नो सर्व्हिस पासवर्ड-रिकव्हरी" ही ओळ घातली असेल तर वरची युक्ती चालत नाही. मग सुरू होताना ब्रेक दिल्यावर राउटर फक्त एवढंच विचारतो की सगळं पुसून फॅक्टरी स्थितीत जायचं का. हो म्हटलं तर राउटर तुमचा, सेटिंग गेली. चोरीला गेलेल्या राउटरमधून कोणी संस्थेची माहिती काढू नये म्हणून ही सोय आहे. ती वापरायची असेल तर सेटिंगची प्रत बाहेर सुरक्षित ठेवलेली असायलाच हवी.

सिस्टीमच सापडत नसेल तर

दुसरा प्रकार जास्त घाबरवणारा, पण खरं तर सोपा. राउटर स्वतःहूनच रॉममॉनमध्ये येऊन बसतो, किंवा "बॅड फाइल मॅजिक नंबर", "कॅनॉट लोड फ्लॅश" असे संदेश देत राहतो. याचा अर्थ रॉममॉनला जी इमेज हवी ती नाही, अर्धवट आहे किंवा तिचं नाव चुकलं आहे. अपडेट करताना मधेच वीज जाणं हे नेहमीचं कारण.

आधी बघा की कार्डावर काय आहे. डीआयआर, जागा, फ्लॅश आणि विसर्गचिन्हासारखे दोन ठिपके. १९०० आणि २९०० मालिकेत कार्डाच्या दोन खाचा असतात, म्हणून तिथे फ्लॅश०: असं लिहावं लागतं. यादीत डॉट बिन शेवटी असलेली फाइल दिसली तर तिचं नाव जसंच्या तसं घेऊन बूट फ्लॅश०: आणि लगेच फाइलचं नाव, मधे जागा न सोडता. बऱ्याचदा इथेच राउटर उठतो. म्हणजे इमेज ठीक होती, सेटिंगमधल्या बूट सिस्टम ओळीत नाव चुकलं होतं. आत गेल्यावर ती ओळ दुरुस्त करून साठवा, नाहीतर पुढच्या वेळी परत तेच.

फाइल नाहीच, किंवा असून चालत नाही, तर बाहेरून आणावी लागते. सगळ्यात सोपा रस्ता पुस्तकांत शेवटी दिलेला असतो, म्हणून इथे आधी देतो: राउटर बंद करा, कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड काढा, कार्ड रीडरने लॅपटॉपला लावा, इमेजची फाइल त्यावर कॉपी करा, परत बसवा. २८०० आणि त्यापुढच्या मालिकांत कार्ड साध्या फॅट पद्धतीचं असतं, विंडोज ते वाचतं. १९०० आणि २९०० मध्ये पेन ड्राइव्हवर इमेज ठेवून बूट यूएसबीफ्लॅश०: आणि फाइलचं नाव असंही चालतं.

हे शक्य नसेल तर टीएफटीपी. कमांड आहे टीएफटीपीडीएनएलडी, सगळी अक्षरं इंग्रजी लहान लिपीत सलग: टी-एफ-टी-पी-डी-एन-एल-डी. तिच्याआधी पाच गोष्टी सांगाव्या लागतात. राउटरचा तात्पुरता पत्ता: आयपी अंडरस्कोर अ‍ॅड्रेस, बरोबरचं चिन्ह, १९२.१६८.१.२. मग आयपी अंडरस्कोर सबनेट अंडरस्कोर मास्क, २५५.२५५.२५५.०. मग डिफॉल्ट अंडरस्कोर गेटवे. लॅपटॉप थेट जोडलेला असला तरी हे रिकामं चालत नाही, लॅपटॉपचाच पत्ता द्या, समजा १९२.१६८.१.१०. मग टीएफटीपी अंडरस्कोर सर्व्हर, तोच पत्ता. शेवटी टीएफटीपी अंडरस्कोर फाइल, इमेजचं पूर्ण नाव. ही सगळी नावं इंग्रजी मोठ्या लिपीत, आणि बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा नाही. मोठी-लहान लिपी इथे मोजली जाते. सेट म्हटलं की भरलेलं सगळं दिसतं, एकदा वाचून घ्या.

लॅपटॉपवर टीएफटीपी सर्व्हर चालू हवा, पत्ता हाताने १९२.१६८.१.१० दिलेला हवा, आणि केबल राउटरच्या पहिल्या पोर्टला, म्हणजे फास्ट इथरनेट ०/० किंवा गिगाबिट ०/० ला. विंडोजचा फायरवॉल यूडीपीचा ६९ नंबरचा पोर्ट अडवतो. "टाइमआउट" दिसलं की दहातल्या नऊ वेळा तेच कारण. कमांड दिल्यावर राउटर इशारा देतो की फ्लॅशमधलं सगळं जाईल. हा इशारा खरा आहे. फ्लॅशमधल्या बाकीच्या फाइलसुद्धा जातात. एनव्हीरॅममधली सेटिंग मात्र राहते. फ्लॅशला हात लावायचा नसेल तर कमांडपुढे जागा सोडून वजा-आर जोडा. मग इमेज फक्त रॅममध्ये चढते आणि राउटर चालू होतो. आत जाऊन निवांतपणे फ्लॅश तपासा.

टीएफटीपीचा एक जुना सापळा सांगायला हवा. हा प्रोटोकॉल फाइलचे ५१२ बाइटचे तुकडे करून पाठवतो आणि तुकड्यांचा नंबर सोळा बिटांत बसवतो. म्हणजे ६५,५३५ तुकडे, साधारण ३२ एमबी. जुने सर्व्हर त्यापुढे नंबर परत शून्यापासून सुरू करत नाहीत, तिथेच थांबतात. २९०० मालिकेची इमेज याच्या दुपटीहून मोठी असते. डाउनलोड नेमकं ३२ एमबीच्या आसपास तुटत असेल तर केबल बदलू नका, सर्व्हर बदला.

काहीच नसेल, पोर्टही जळालेले असतील, तर कन्सोलच्या केबलवरूनच एक्समोडेमने फाइल पाठवता येते. एक्समोडेम वॉर्ड क्रिस्टनसेन यांनी १९७७ मध्ये लिहिला, आणि अजून उपयोगी पडतो. पण हिशोब करा. ९६०० च्या वेगाने सेकंदाला जेमतेम ९६० बाइट जातात, म्हणजे ३० एमबीच्या फाइलला नऊ तास. ११५२०० केलं तर पाऊण तास. वेग कॉन्फरेगमधूनच बदलतो. ०एक्स३९२२ हा आकडा म्हणजे नेहमीचीच सेटिंग, फक्त कन्सोल ११५२०० वर. तो दिला की रिसेट करा, लॅपटॉपचा वेग बदला, परत ब्रेक देऊन आत या. मग एक्समोडेम, वजा-सी, फाइलचं नाव. काम झालं की ०एक्स२१०२ वर परत यायला विसरू नका, नाहीतर पुढचा माणूस स्क्रीनवरचा कचरा बघत बसेल.

इमेज कुठून आणता?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. सिस्कोच्या इमेज त्यांच्या साइटवरून सर्व्हिस करार असलेल्यांना मिळतात. टेलिग्रामवर कोणीतरी टाकलेली फाइल फुकटात मिळते म्हणून घ्यायची, ही गोष्ट हलाल-हराम बाजूला ठेवली तरी मूर्खपणाची आहे. २०१५ मध्ये फायरआयच्या मँडियंट टीमने सिनफुल नॉक नावाचा प्रकार उघड केला. १८४१, २८११ आणि ३८२५ या मॉडेलच्या राउटरमध्ये बदललेली आयओएस इमेज बसवलेली सापडली. बाहेरून राउटर नेहमीसारखाच चालत होता, आत परक्या माणसासाठी दार उघडं होतं. युक्रेन, फिलिपिन्स, मेक्सिको आणि भारत या चार देशांत मिळून असे १४ राउटर सापडले. त्याच वर्षी सिस्कोने असाही इशारा दिला की अ‍ॅडमिनचा खरा पासवर्ड मिळवून काही जण राउटरचा रॉममॉनच बदलत आहेत. म्हणजे जो प्रोग्राम आपण सगळ्यात खालचा आणि भरवशाचा मानतो, तोच बनावट.

म्हणून फाइल चढवण्याआधी लॅपटॉपवर तिचा एमडी५ किंवा एसएचए-५१२ काढा आणि सिस्कोच्या साइटवर दिलेल्याशी अक्षर-अक्षर ताडून बघा. राउटर उठल्यावर आतून व्हेरिफाय, तिरकी रेघ, एमडी५ आणि फाइलचं नाव देऊन परत तपासा. सेकंडहँड राउटर घेतला असेल तर आत काय आहे यावर विश्वास ठेवूच नका. स्वच्छ इमेज नव्याने चढवा.

परवानगी

कन्सोल केबल आणि दहा मिनिटं मिळाली की राउटरचा मालक होता येतं, हे वर दिसलंच. त्यामुळे राउटर ठेवलेल्या खोलीला कुलूप हवं, आणि त्याची चावी कोणाकडे आहे ते लेखी हवं. काम करणाऱ्या मुलांनीही ट्रस्टींकडून एका ओळीची का होईना, लेखी परवानगी घ्यावी. "सेक्रेटरी साहेबांनी फोनवर सांगितलं होतं" हे नंतर कोणी मान्य करत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली परवानगीशिवाय बेइमानीने दुसऱ्याच्या संगणकात किंवा नेटवर्कमध्ये शिरलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय त्या सेटिंगमध्ये लोकांची अमानत असते. आत दिसलेलं बाहेर बोलायचं नाही. काम संपल्यावर नवा पासवर्ड बंद पाकिटात संस्थेच्या तिजोरीत ठेवायला सांगा, म्हणजे तुम्ही उद्या आखातात गेलात तरी त्यांचं अडणार नाही.

बाकीच्या राउटरचं काय

सिस्कोच्या नव्या आयएसआर ४००० मालिकेत रॉममॉन आणि आकडे तेच आहेत, पण इमेज बूटफ्लॅश: मध्ये असते आणि नेटवर्कवरून चढवायला बूट टीएफटीपी: लिहितात, केबल मॅनेजमेंट पोर्टला लावून. कॅटॅलिस्ट स्विच हा वेगळा प्राणी आहे. तिथे समोरचं मोड बटण दाबून चालू करायचं, प्रॉम्प्ट "स्विच:" असा येतो, आणि कॉन्फिगरेशन रजिस्टरऐवजी सेटिंगच्या फाइलचं नाव तात्पुरतं बदलतात. गल्लीतल्या केबलवाल्यांकडे मायक्रोटिक जास्त. त्याला रिसेट बटण दाबून धरत चालू केलं की तो नेटवर्कवरून सिस्टीम मागतो, आणि लॅपटॉपवरचं नेटइन्स्टॉल ती देतं. नेटइन्स्टॉल जुनी सेटिंग ठेवण्याचा पर्याय देतं, पण राउटर तेवढा शाबूत असेल तरच.

घरातल्या छोट्या वायफाय राउटरमध्ये रॉममॉनच्या जागी बहुधा यू-बूट असतो. झाकण उघडून बोर्डावरच्या सिरियल पिनांना ३.३ व्होल्टचा टीटीएल कन्व्हर्टर जोडावा लागतो. सिस्कोचा कन्व्हर्टर इथे लावला तर जास्त व्होल्टेजने बोर्ड जळतो. आत प्रिंटएन्व्ह, सेटएन्व्ह, टीएफटीपीबूट, बूटएम अशा कमांड आहेत. पण झाकण उघडायच्या आधी मॉडेलची माहिती वाचा. टीपी-लिंकच्या बऱ्याच मॉडेलमध्ये रिसेट बटण दाबून धरत चालू केलं की राउटर स्वतःच १९२.१६८.०.६६ या पत्त्यावरच्या टीएफटीपी सर्व्हरकडे ठरावीक नावाची रिकव्हरी फाइल मागतो. लॅपटॉपला तो पत्ता दिला, फाइलला ते नाव दिलं, की स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायची गरजच पडत नाही.